एका सिलिंडरचे खाते

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे आधी संस्थापकांना वंदन. जेम्स लॅन्सडाउन नॉर्टन यांनी 1898 मध्ये बर्मिंगहॅमला सायकलींचे सुटे भाग करण्याचा धंदा सुरू केला. पुढे त्यातून मोटारसायकली निघू लागल्या. 1907 च्या पहिल्याच टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) शर्यतीत रेम फाउलरने नॉर्टनवर दोन सिलिंडरांच्या गटात बाजी मारली, तीही प्यूजोचे उसने इंजिन लावून. 1925 मध्ये नॉर्टन वारले. 2023 मध्ये कंपनीला सव्वाशे वर्षे झाली. 2020 पासून तिची मालकी तमिळनाडूच्या टीव्हीएसकडे असल्यामुळे आपल्याकडच्या मोटारसायकलवेड्यांना आता तिच्याविषयी घरचा जिव्हाळा वाटू लागला आहे. मात्र सव्वाशे वर्षांचा जमाखर्च मांडणे हा या लेखाचा हेतू नाही. कंपनीच्या पोटात एक लहानसे खाते होते, शर्यतीच्या गाड्या बांधणारे. दुसरे महायुद्ध संपल्यापासून ब्रेसब्रिज स्ट्रीटवरचा कारखाना बंद होईपर्यंतची त्या खात्याची जेमतेम सतरा वर्षे, एवढाच इथला विषय.

युद्धापूर्वीची पुण्याई मोठी होती. 1931 ते 1938 या आठ वर्षांत आइल ऑफ मॅन बेटावरची सीनियर टीटी, म्हणजे 500 सीसीची शर्यत, नॉर्टनने सात वेळा जिंकली. 1939 मध्ये मात्र जर्मनीच्या गेऑर्ग मायरने सुपरचार्जर लावलेल्या बीएमडब्ल्यूवर ती नेली. त्या वर्षी नॉर्टनने शर्यतीतून अंग काढून घेतले होते, कारण सरकारची लष्करी गाड्यांची मागणी पुरी करायची होती. युद्धकाळात कारखान्यातून लाखाच्या घरात मोटारसायकली सैन्याला गेल्या. शर्यतीच्या गाड्या त्या काळात कोपऱ्यात पडून होत्या.

खाते पुन्हा उभे राहिले ते जो क्रेगमुळे. हा उत्तर आयर्लंडमधल्या बॅलिमिनाचा. तरुणपणी त्याने स्वतः नॉर्टनवर अल्स्टर ग्रां प्री जिंकली होती. मध्ये काही वर्षे इतर कंपन्यांत नोकरी करून युद्धानंतर तो परत ब्रेसब्रिज स्ट्रीटवर आला. बोलणे मोजके, कौतुक त्याहून कमी. इंजिनाच्या बाबतीत त्याचा धर्म एकच : नवी कल्पना लढवायची नाही, आहे तेच तावूनसुलाखून घ्यायचे. इंजिन चाचणीच्या बाकावर चढवायचे, पूर्ण शर्यतीइतका वेळ भरधाव फिरवायचे, काय मोडते ते बघायचे. मोडले ते सुधारून पुन्हा चढवायचे. एका वेळी एकच बदल, त्याची नोंद वहीत, मग पुढचा. एकच उभा सिलिंडर आणि वर कॅमशाफ्ट ही मांडणी 1927 पासूनची. 1930 मध्ये तिची फेररचना झाली, आणि क्रेगने तीच आणखी चोवीस वर्षे दामटली.

ही चिकाटी होती की हट्ट, यावर तेव्हाही वाद होता. माझ्या मते सुरुवातीला ती चिकाटी होती, 1952 नंतर ती हट्ट झाली. पण तो भाग पुढे.

1946 मध्ये मोटारसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सुपरचार्जरवर बंदी घातली. या एका नियमाने नॉर्टनचे आयुष्य वाढले, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. सुपरचार्जर हवा कोंबून इंजिनाची ताकद वाढवतो. अनेक सिलिंडरांच्या इंजिनाला तो मानवतो, एका मोठ्या सिलिंडरला फारसा नाही. इटलीच्या गिलेराची चार सिलिंडरांची गाडी 1939 मध्ये युरोपभर अजिंक्य ठरली होती, ती सुपरचार्जरच्या जोरावर. इंग्लंडमध्येच एजेएसने युद्धकाळात दोन आडव्या सिलिंडरांची नवी गाडी आखली होती. तिच्या सिलिंडरच्या टोकावर काट्यांसारखी पाती होती, म्हणून लोक तिला साळिंदर म्हणत. तीही सुपरचार्जर गृहीत धरूनच आखलेली. बंदी आली आणि या सगळ्यांना पुन्हा पाटी कोरी करून बसावे लागले. नॉर्टनला काहीच बदलावे लागले नाही.

भरीला पेट्रोलचा प्रश्न. इंग्लंडमध्ये मे 1950 पर्यंत पेट्रोलवर रेशन होते, आणि मिळे ते सरकारी पूलचे, सगळ्या कंपन्यांचे एकत्र केलेले हलके पेट्रोल. त्याचा ऑक्टेन आकडा सत्तरीच्या आसपास. अशा पेट्रोलवर इंजिन जास्त दाबाने चालवले की ते खडखडते आणि पिस्टनला भोक पडते. त्यामुळे सगळ्यांनाच दाब उतरवावा लागला. याचा हिशेब आकड्यांत दिसतो. 1938 च्या टीटीत हॅरल्ड डॅनियलने नॉर्टनवर ताशी 91 मैलांची, म्हणजे 146 किलोमीटरची फेरी मारली होती. 1947 मध्ये टीटी पुन्हा सुरू झाली तेव्हा त्याच डॅनियलने त्याच कंपनीच्या गाडीवर सीनियर जिंकली, पण सरासरी ताशी 83 मैलांच्याही आत. 1938 चा फेरीचा विक्रम बारा वर्षे कोणाला मोडता आला नाही.

या डॅनियलविषयी चार ओळी लिहिल्याच पाहिजेत. अंगाने स्थूल, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. युद्ध सुरू झाल्यावर तो लष्करात निरोप्या स्वार म्हणून भरती व्हायला गेला, तर डोळे अधू म्हणून त्याला परत पाठवले. टीटीचा सर्वांत वेगवान फेरीचा विक्रम तेव्हा याच माणसाच्या नावावर होता.

आइल ऑफ मॅनचा रस्ता म्हणजे बंदिस्त ट्रॅक नाही. गावांतून, घरांच्या दारांवरून, दगडी कुंपणांमधून आणि स्नेफेल डोंगराच्या अंगावरून जाणारा साधा वाहतुकीचा रस्ता, शर्यतीपुरता बंद केलेला. एक फेरी पावणेअडतीस मैलांची, सीनियरच्या फेऱ्या तेव्हा सात. स्वार तीन तासांच्या आसपास एकटाच घड्याळाशी झुंजत असे, कारण सगळे एकदम सुटत नसत, ठरावीक अंतराने सुटत. अशा शर्यतीत सरळ रस्त्यावरच्या वेगापेक्षा गाडी शेवटपर्यंत धड राहणे महत्त्वाचे. क्रेगच्या बाकावरच्या चाचण्या इथे कामी येत.

1949 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने जागतिक अजिंक्यपद सुरू केले. पहिल्या वर्षी सहा शर्यती : आइल ऑफ मॅन, स्वित्झर्लंडमधले बर्न, हॉलंडमधले आसेन, बेल्जियममधले स्पा, उत्तर आयर्लंडमधले क्लेडी आणि इटलीतले मोंझा. टीटीत सीनियरला एजेएसवरचा लेस ग्रॅहम शेवटच्या फेरीपर्यंत पुढे होता. युद्धात लँकॅस्टर बॉम्बर चालवून पदक मिळवलेला हा वैमानिक. त्याच्या गाडीचा मॅग्नेटो निकामी झाला आणि शर्यत डॅनियलला मिळाली. पण वर्षाअखेरीस अजिंक्यपद ग्रॅहमचेच, गिलेराच्या नेल्लो पगानीपेक्षा एका गुणाने. नॉर्टनला त्या वर्षी मिळाले ते साइडकारचे अजिंक्यपद. एरिक ऑलिव्हर गाडी चालवी आणि बाजूच्या पाळण्यात डेनिस जेन्किन्सन हा दाढीवाला पत्रकार वळणावळणावर अंग बाहेर टाकून तोल साधी. हाच जेन्किन्सन 1955 च्या मिल्ले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉसच्या मोटारीत शेजारी बसून रस्त्याची वळणे सांगत होता.

500 मधल्या अपयशाचे कारण इंजिनात नव्हते, सांगाड्यात होते. नॉर्टनच्या गाडीचे मागचे चाक सरळ उभ्या नळ्यांतल्या स्प्रिंगांवर वरखाली होई. या सांगाड्याला लोक 'बागेचे फाटक' म्हणत, आणि तो दिसेही तसाच. खडबडीत रस्त्यावर तो वाकून मोडे.

यावरचा उपाय कारखान्यात सापडला नाही, तो बेलफास्टहून आला. रेक्स मॅकँडलेस हा तिथला मोटारसायकलवाला. शाळेशी त्याचे फार दिवस जमले नव्हते आणि इंजिनिअरिंगची पदवी तर दूरच. त्याने भाऊ क्रोमी याच्याबरोबर स्वतःसाठी एक गाडी बांधली होती, मागचे चाक झुलत्या दांड्यावर बसवलेली. नॉर्टनचा स्वार आर्टी बेल हा त्याचा मित्र आणि धंद्यातला भागीदार, त्यानेच त्याची कारखान्याशी ओळख करून दिली. मॅकँडलेसचे म्हणणे असे की गाडीचे वजन कुठे आहे आणि चाके रस्त्याला कशी चिकटून राहतात, एवढेच खरे, बाकी सगळे सवयीने चालत आलेले. त्याने बांधलेल्या सांगाड्यात दोन अखंड नळ्या इंजिनाभोवती वेढा घेऊन मानेपाशी एकमेकींना ओलांडत. वेल्डिंग पितळी धातूने, नळ्या रेनॉल्ड्स कंपनीच्या. पुढे हे सांगाडे रेनॉल्ड्सच बनवून देऊ लागली.

कारखान्याला बाहेरच्या माणसाचे ऐकणे जड गेले असणार, पण क्रेगने ऐकले. एका गोष्टीपुरता का होईना, त्याचा हट्ट सुटला. चाचण्या आइल ऑफ मॅनवर आणि पॅरिसजवळच्या मोंतलेरीच्या गोल ट्रॅकवर झाल्या. नव्या गाडीवर बसून आल्यावर डॅनियलने तिला पिसांच्या गादीची उपमा दिली आणि तेव्हापासून तो सांगाडा फेदरबेड. एप्रिल 1950 मध्ये ब्लँडफर्डला तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला आणि जेफ ड्यूकने ती शर्यत जिंकली.

ड्यूक तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. लँकेशायरमधल्या सेंट हेलेन्सचा. लष्कराच्या सिग्नल तुकडीत मोटारसायकल शिकवायचे काम केलेला. नॉर्टनने त्याला आधी घेतले ते चिखल-दगडांच्या ट्रायल स्पर्धांसाठी. 1949 मध्ये त्याने क्लबमन्स टीटी आणि मँक्स ग्रां प्री जिंकून आपली जागा स्वतःच दाखवून दिली. त्याची शैली गुळगुळीत. गाडीशी झटापट नाही, वळणावर आरडाओरडा नाही. वाऱ्याला अडेल असे काहीच अंगावर नको म्हणून त्याने गावातल्या शिंप्याकडून चामड्याचा एकसंध घट्ट पोशाख शिवून घेतला. आज जगभरचे स्वार घालतात तो त्याचाच वंशज.

1950 च्या टीटीत ज्युनियर (350 सीसी) आणि सीनियर दोन्ही शर्यतींत पहिले तीन क्रमांक नॉर्टनचे. सीनियरमध्ये ड्यूकने ताशी 93.33 मैलांची फेरी मारून डॅनियलचा बारा वर्षांचा विक्रम मोडला. 1947 पेक्षा शर्यतीचा एकूण वेळ जवळजवळ वीस मिनिटांनी घटला होता. यावर्षी अजिंक्यपद आपलेच असे ब्रेसब्रिज स्ट्रीटवर सगळे धरून चालले. मग स्पाला आणि त्यामागोमाग आसेनला ड्यूकच्या टायरवरचा रबराचा थर सुटून उडाला. नवा सांगाडा वळणावर इतका वेग घेऊ देई की जुन्या जातीचे टायर पुरे पडेनात. वर्षाअखेरीस गिलेराच्या उंबेर्तो मासेत्तीचे 28 गुण, ड्यूकचे 27. त्याच स्पाच्या शर्यतीत आर्टी बेल पडला. जीव वाचला, पण पुन्हा तो शर्यतीत उतरला नाही. फेदरबेडची ओळख करून देणाऱ्या माणसाला त्यावर एकच उन्हाळा मिळाला, तोही अर्धा.

1951 मध्ये हिशेब चुकता झाला. ड्यूकने 350 आणि 500 अशी दोन्ही अजिंक्यपदे एकाच वर्षी घेतली. असे आधी कोणी केले नव्हते. इंजिनांतही भर पडली होती, आणि ती भर घालणारा होता लिओ कुझमिट्स्की हा पोलिश इंजिनिअर. युद्धात तो इंग्लंडला आला आणि तिथेच राहिला. तो कारखान्यात झाडू मारत होता आणि क्रेगने त्याला हेरले, अशी एक गोष्ट रंगवून सांगतात. गोष्ट सोडून देऊ. ज्वलनाच्या शास्त्रावर त्याची पकड होती आणि पिस्टन व सिलिंडरच्या टोकामधली जागा अशी आवळायची की मिश्रण दाबले जाऊन घुसळेल, हे काम त्याने 350 च्या इंजिनावर करून दाखवले. त्यातून जी ताकद मिळाली तिने सगळ्यांना चकित केले.

1952 पासून उतार दिसू लागतो. त्या वर्षीची सीनियर टीटी रेग आर्मस्ट्राँगने नॉर्टनवर जिंकली. अंतिम रेषा ओलांडतानाच त्याची चेन तुटली. नशीब साथ देत होते, पण किती दिवस देणार? बर्नला तरुण डेव्ह बेनेट नॉर्टनवरच मरण पावला. जर्मनीत शॉटनला ड्यूक पडून जायबंदी झाला. 350 चे अजिंक्यपद त्याने राखले, 500 चे पुन्हा मासेत्तीकडे गेले. इटालियन चार सिलिंडरांच्या गाड्यांना आता चांगले सांगाडे मिळू लागले होते. पूर्वी गिलेरा सरळ रस्त्यावर पुढे जाई आणि नॉर्टन तिला वळणावर गाठे. आता वळणावर गाठून भागेना.

चार सिलिंडरांची नॉर्टन बांधायची असे ठरले होते. बीआरएम या मोटारशर्यतीच्या संस्थेच्या मदतीने पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे काम सुरूही झाले. ते रखडले आणि शेवटी गुंडाळले गेले. 1953 च्या सुमारास कंपनी असोसिएटेड मोटर सायकल्स या समूहाच्या ताब्यात गेली आणि पैशाच्या गाठी आवळल्या गेल्या. इथेच मला क्रेगची चिकाटी हट्टात बदललेली दिसते. एका सिलिंडरातून आणखी अर्धा घोडा काढण्यात जी बुद्धी खर्ची पडली, तिचा एक हिस्सा जरी 1948 मध्ये नव्या इंजिनाला मिळता तरी ड्यूक इटलीला गेला नसता. तो 1953 मध्ये गिलेराकडे गेला आणि लागोपाठ तीन वर्षे अजिंक्य ठरला. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी त्याला नावे ठेवली. मला त्याचे काही चुकले असे वाटत नाही.

न झालेल्या त्या चार सिलिंडरांचा पुढचा भाग विलक्षण आहे. नॉर्टनच्या संचालक मंडळावर टोनी वँडरवेल होते. त्यांनी मोटारींच्या ग्रां प्रीसाठी व्हॅनवॉल ही गाडी काढली. तिच्या इंजिनाची कल्पना सरळ होती : नॉर्टनच्या एका सिलिंडराच्या वरच्या भागासारखे चार भाग शेजारी शेजारी बसवायचे. त्यावर काम करायला कुझमिट्स्कीही गेला. 1958 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उत्पादकांचे अजिंक्यपद सुरू झाले आणि ते पहिलेच व्हॅनवॉलने जिंकले. ब्रेसब्रिज स्ट्रीटला जे दोन चाकांवर परवडले नाही ते चार चाकांवर फळाला आले.

ड्यूकनंतर खात्याची धुरा ऱ्होडेशियाच्या रे अ‍ॅमने वाहिली. ड्यूकच्या उलट स्वभावाचा, अंगावर येणारा स्वार. 1953 मध्ये त्याने ज्युनियर आणि सीनियर दोन्ही टीटी घेतल्या. त्याच सीनियरमध्ये लेस ग्रॅहम ब्रे हिलच्या उतारावर मरण पावला. 1954 ची सीनियर पाऊस आणि धुक्यामुळे चार फेऱ्यांवर थांबवली गेली तेव्हा अ‍ॅम पुढे होता. गिलेराच्या माणसांना तो निकाल शेवटपर्यंत पटला नाही. वर्ष संपताच कंपनीने जाहीर केले की कारखान्याच्या खास गाड्या यापुढे शर्यतीत उतरणार नाहीत. अ‍ॅम एमव्ही अगुस्ताकडे गेला आणि एप्रिल 1955 मध्ये त्यांच्याकडून पहिल्याच शर्यतीत, इमोलाला, मरण पावला. क्रेग 1955 मध्ये निवृत्त झाला. 1957 मध्ये ऑस्ट्रियात मोटार चालवताना त्याला मृत्यू आला.

खात्याची खरी कमाई अजिंक्यपदांच्या यादीत शोधू नये. ती आहे मँक्स नॉर्टनमध्ये, म्हणजे कारखान्याच्या गाडीची जी आवृत्ती कोणालाही पैसे मोजून विकत मिळे तिच्यात. गिलेरा आपली चार सिलिंडरांची गाडी बाहेरच्या माणसाच्या हाती सहसा लागू देत नसे. नॉर्टन मात्र दरवर्षी मँक्सची एक तुकडी बांधून विकी. क्रेगच्या बाकावर जे टिकले ते एक-दोन वर्षांनी गिऱ्हाइकाच्या गाडीत येई : 1949 मध्ये दोन कॅमशाफ्ट, 1951 मध्ये फेदरबेड, 1954 मध्ये आखूड धावेचा 86 बाय 85.6 मिलिमीटरचा सिलिंडर. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेतली पोरे एक-दोन मँक्स घेऊन बोटीने युरोपात उतरत. जुन्या व्हॅनमध्ये गाड्या, हत्यारे, स्टोव्ह आणि अंथरूण. दर रविवारी नवा देश. आयोजक सुरुवातीचे मानधन देत, त्यावर पेट्रोल आणि जेवण निघे. बक्षिसाची रक्कम मिळाली तर पिस्टन, नाही मिळाली तर जुनाच. या भटक्या मंडळींशिवाय पन्नाशीच्या दशकातली एकही ग्रां प्री भरली नसती, कारण कारखान्यांच्या गाड्या जेमतेम आठ-दहा असत. मागची सगळी रांग मँक्सची.

मोटारींच्या 500 सीसी शर्यतींतही हेच इंजिन लागे. पण नॉर्टन नुसते इंजिन विकत नसे. मग मोटारवाले अख्खी मँक्स विकत घेत, इंजिन काढून आपल्या छोट्या मोटारीत बसवत आणि सांगाडा फुंकून टाकत. उरलेल्या फेदरबेडमध्ये पोरांनी ट्रायम्फचे इंजिन बसवले, तिचे नाव ट्रायटन. लंडनच्या कॅफेंबाहेर उभ्या राहणाऱ्या त्या गाड्यांचे मूळ असे उष्ट्या सांगाड्यांत आहे.

क्रेगनंतर डग हील यांनी मँक्सवर हात फिरवला. 1961 च्या सीनियर टीटीत एमव्हीचा गॅरी हॉकिंग बाहेर पडला आणि माइक हेलवुडने मँक्सवर पूर्ण शर्यत ताशी 100 मैलांहून अधिक सरासरीने जिंकली. एका सिलिंडरच्या गाडीवर हे प्रथमच घडले. पुढच्याच वर्षी ब्रेसब्रिज स्ट्रीट बंद करून काम लंडनकडे हलवायचे ठरले. उत्पादन थांबले, पण गाड्या थांबल्या नाहीत. 1969 मध्ये युगोस्लाव्हियातल्या ओपातियाला एमव्ही आलीच नाही, आणि 500 ची शर्यत गॉडफ्री नॅश या खासगी स्वाराने नॉर्टनवर जिंकली. तोवर कारखाना बंद होऊन सहा-सात वर्षे झाली होती.